ज्याला आम्ही थंडोबा म्हणालो

ते नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगताना बाकीचे सगळे दोषी आणि मी तेवढी शहाणी, असं वाटायचं.

आमच्या बसस्थानकाला चौदा फलाट आहेत. मी आरक्षणाच्या खिडकीत बसते. माझ्या पाठीमागे काचेची भिंत आणि तिच्यापलीकडे निवेदकाची खोली. एक टेबल, गाड्यांचा तक्ता, मायक्रोफोन आणि हात झिजलेली एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत ते बसायचे. कुठली गाडी कुठे लागली, कुठलीला उशीर आहे, कोणाची पिशवी सापडली, कोणाची आजी चुकली, हे सगळं स्थानकाला त्यांच्या आवाजात कळायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा ते चाळिशीचे असतील. आवाज असा स्वच्छ, की कानात शब्द वेचून ठेवल्यासारखे पडायचे. ड्रायव्हर म्हणायचे, "यांनी नाव घेतलं की गाडी आपणहून सुरू होते, किल्लीची गरज नाही." एकदा काठी टेकत येणाऱ्या एका आजोबांसाठी निवेदन अर्धवट टाकून ते स्वतः फलाट अकरावर पळत गेले आणि सुटलेली गाडी हात आडवा करून थांबवली. साहेबांनी कान उपटले, तर म्हणाले, "साहेब, मायक्रोफोनवरून म्हातारी माणसं पळत नाहीत, मग कोणीतरी पळायला हवं."

मग ते बदलले. पण इतके हळूहळू, की कुठल्या दिवशी बदलले हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी आवाज जाडावला. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. मग चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. भर उकाड्यात, आम्ही पंख्याखालून हलत नव्हतो तेव्हा, हे स्वेटर घालून. प्रश्न विचारला की नुसतं बघत राहायचे आणि समोरचा कंटाळून दुसऱ्या खिडकीकडे जायचा. दुपारी खुर्चीत मान पडायची. दोनदा गाडी एका फलाटावर लागली आणि यांनी भलताच सांगितला. माणसं सामान घेऊन इकडून तिकडे धावली, शिव्या मात्र आम्ही खाल्ल्या.

अशाच एका दुपारी ते स्वेटरमध्ये हनुवटी खुपसून डुलक्या घेत होते. मी शेजारच्या खिडकीतल्या बाईला म्हणाले, "बघा आमचा थंडोबा." ती खो खो हसली. संध्याकाळपर्यंत ते नाव गॅरेजपर्यंत पोचलं होतं. तोंडावर आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पाठ फिरली की थंडोबा.

आणि हे मला नंतर कळलं, की ते गप्प बसून राहिले नव्हते. दवाखाने करत होते. अंगाची कातडी कोरडी पडून तडकायची, त्यासाठी कोणी मलम दिलं होतं. पोट साफ होईना, त्यासाठी चूर्ण. बोटांना मुंग्या यायच्या, तर मनगटाला पट्टा. ऐकू कमी येतं म्हणून कानाचं यंत्र सुचवलेलं. रक्तात चरबी वाढली म्हणून कोणी गोळ्या सुरू केल्या, त्याने मांड्या ठणकू लागल्या म्हणून बंद केल्या. एकाने तर "मन उदास आहे" म्हणून त्याची औषधं दिली. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा तुकडा बघितला. सगळा माणूस कोणी बघितलाच नाही. आम्ही तर रोज आठ तास काचेतून बघत होतो.

त्या दिवशी साडेअकराला एका लांबच्या गाडीला तासाभराचा उशीर झाला होता. काकांनी तसं जाहीर केलं, नेहमीच्याच गोगलगायीच्या चालीने. दोन मिनिटांत माझ्या खिडकीशी एक बाई आल्या. साठीच्या आसपास, केस कापलेले, हातात एक छोटी बॅग.

"आत्ता बोलले ते कोण?"

मी न बघताच म्हणाले, "तक्रारवही पलीकडच्या भिंतीला टांगलीय."

"तक्रार नाही करायची. मला त्यांना भेटायचंय."

"कशाला?"

"मी डॉक्टर आहे. मोठ्या माणसांचे आजार बघते, डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवते. तो आवाज मला नीट बघायचाय."

आवाज बघायचाय! मला हसूच आलं. "अहो बाई, तो आवाज असाच आहे."

"तुम्ही त्यांना किती वर्षं ओळखता?"

"सतरा."

"सतरा वर्षांपूर्वी असाच होता?"

मी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली.

मी डॉक्टरबाईंना निवेदकाच्या खोलीत नेलं. साहेबही आले, कारण त्यांच्या हातात त्याच दिवशी काकांना द्यायचा ताकिदीचा कागद होता. डॉक्टरबाईंनी काकांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "थंडी फार वाजते का?"

काका बघत राहिले. मी सवयीने मध्ये पडले, "हो हो, त्यांना ना कायमच..."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघता तळहात उचलला. "त्यांना बोलू दे."

आम्ही थांबलो. मला तो वेळ असह्य झाला, खोटं का बोलू. मग काका म्हणाले, "हो. आतून."

मी त्यांच्याबरोबर सतरा वर्षं काम केलं होतं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत बहुधा पहिल्यांदाच थांबले होते.

डॉक्टरबाईंनी भुवया बघितल्या. बाहेरच्या टोकाचे केस गळून गेलेले, ते मला तेव्हा दिसलं. जीभ बाहेर काढायला लावली. जीभ जाड, कडेला दातांचे ठसे. नडगीवर अंगठा दाबला, सूज होती पण खड्डा पडला नाही. घड्याळ बघत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. "अठ्ठेचाळीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग काकांना बूट-मोजे काढून गुडघ्यांवर खुर्चीत टेकायला सांगितलं, पावलं मागे मोकळी लोंबतील अशी. "काहीतरी रबरी द्या." मी माझ्या टेबलावरचा शिक्का दिला. त्याच्या रबरी बाजूने त्यांनी काकांच्या टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच ठोकलं.

पाऊल खाली झटकलं. आणि मग परत वर यायला लागलं, इतकं सावकाश, की बघत बसावं लागलं.

"आता तुम्ही या," त्या मला म्हणाल्या. मी खुर्चीत टेकले. त्यांनी तसंच ठोकलं. माझं पाऊल गेलं आणि आलंही, कळायच्या आत.

"दिसला फरक?" त्या साहेबांकडे वळल्या. "पायाला आळस करता येत नाही. पाय नाटक करत नाही. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, ती सगळ्या शरीराची चाल ठरवते. हृदयाची, आतड्यांची, डोक्याची, आवाजाची. यांची ती बंद पडत आलीय. माझा अंदाज, निदान सहा-सात वर्षं."

साहेबांनी कागदाची घडी केली, मग आणखी घडी केली, अगदी बोटाएवढी होईपर्यंत.

"म्हणजे याला... औषध आहे?" त्यांनी विचारलं.

"एक गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी. जन्मभर. पण आधी रक्त तपासा, आजच. आणि मला येऊन भेटा, मी पुढच्या आठवड्यात परत दवाखान्यात आहे." त्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला. मग काकांना म्हणाल्या, "बारा तक्रारी असल्या म्हणून बारा आजार नसतात. तुमचा एकच आहे."

काकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण त्यांचे डोळे चिठ्ठीवर खिळून होते. नंतर त्यांनीच डॉक्टरबाईंची गाडी जाहीर केली, त्याच जाड, ओढत्या आवाजात. एकही ड्रायव्हर हसला नाही. बातमी तोवर पसरली होती.

रक्ताचा अहवाल यायला दोन दिवसांऐवजी चार लागले. प्रयोगशाळेने परत बोलावून दुसऱ्यांदा रक्त घेतलं होतं. पहिला आकडा चुकला असणार, असं त्यांना वाटलं. जिथे पाचपर्यंत ठीक म्हणतात, तिथे एकशे बेचाळीस. दुसऱ्या वेळी एकशे पंचेचाळीस.

तो कागद घेऊन त्यांची बायको स्थानकावर आली. वहिनी शाळेत शिकवतात. एरवी मान ताठ, बोलणं मोजकं. त्या दिवशी माझ्या खिडकीशी रांग होती, तरी त्या सरळ आतल्या दाराने आल्या आणि खुर्ची दिली तरी बसेनात.

"ताई, तुम्ही होतात ना तिथे? ती डॉक्टरीण नक्की काय म्हणाली? आठवून सांगा, जसंच्या तसं."

मी सांगितलं. सहा-सात वर्षं म्हणाल्या हेही सांगितलं.

त्यांनी भिंतीला हात लावला. "पाच वर्षांपूर्वी माझ्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. आत काहीतरी बिघडलं. डॉक्टर सही घ्यायला बाहेर आले, तर हे बाकावर झोपलेले. हलवलं, हाका मारल्या, उठेनात. शेवटी शेजारच्या पेशंटच्या भावाने यांना उभं करून सही घेतली. पेन धरून." त्यांचा आवाज चढत गेला. "मी हे सगळ्यांना सांगितलंय. माझ्या बहिणींना, शाळेत, जिन्यात भेटेल त्याला. मी आत मरत होते आणि हे बाहेर घोरत होते. तेव्हापासून मी वेगळ्या खोलीत झोपते. पाच वर्षं! आणि हा आकडा बघा. हे झोपले नव्हते. हे... हे विझत होते, आणि मी भांडत होते."

मला त्यांचा हात धरायला हवा होता. मी रांगेकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात शाळेत परीक्षा होत्या म्हणून काका एकटेच डॉक्टरबाईंकडे गेले, दोन तासांचा बसचा प्रवास करून. तिथे हृदयाचा आलेख काढला, सगळं तपासलं. डॉक्टरबाईंनी अगदी लहान मात्रेची गोळी लिहून दिली, पंचवीसची. तीन महिने तरी चमत्कार होणार नाही, सहा-सहा आठवड्यांनी रक्त बघून थोडी थोडी वाढवायची, घाई केली तर हृदयाला झेपणार नाही, हे सगळं समजावून सांगितलं. काकांनी मान डोलावली.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गोळी घ्यायची."

"बरं. आणखी?"

काका बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "हळू."

"हळूच बोलतेय मी," वहिनी म्हणाल्या. "आणखी काय?"

तेवढंच. तो एक शब्द घरापर्यंत पोचला होता आणि तोही चुकीच्या दाराशी गेला.

तीन आठवडे झाले तरी फरक दिसेना. वहिनींच्या मावसबहिणीला हाच विकार. ती वर्षानुवर्षं शंभरची गोळी घेते आणि टुणटुणीत आहे. वहिनींनी मनात हिशोब मांडला. हिचा आकडा एवढा नव्हता, तरी शंभर. यांचा एवढा मोठा, आणि पंचवीस? डॉक्टरीण सावध असेल, पण माझ्याकडे वाया घालवायला वेळ नाही. मावसबहिणीने आपल्याकडची जास्तीची पाकिटं दिली. आठवडाभर एक, मग दोन. रोज सकाळी वहिनी स्वतः काकांच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या, पाण्याचा पेला पुढे धरायच्या. काका गिळायचे. ते कधीच विचारत नसत.

आणि काका जागे होऊ लागले! आम्हाला तर असंच वाटलं. एका सकाळी ते स्वेटरशिवाय आले, कपाळाला घाम. दुसऱ्या दिवशी निवेदनांचा वेग वाढला. ते खोलीत येरझाऱ्या घालायचे, तक्त्यावर बोट फिरवताना बोट थरथरायचं. मी काचेवर टकटक करून अंगठा दाखवला. गॅरेजमधल्यांनी आत डोकावून टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "काय जादू आहे हो या गोळीत!" सगळे खूश. त्या घामाकडे, त्या थरथरीकडे आम्ही परत तसंच बघितलं जसं आधी स्वेटरकडे बघितलं होतं. फक्त आधी हसलो होतो, आता टाळ्या.

मंगळवार होता. दुपारचे बारा, सुट्टी लागलेली, चौदाही फलाट भरलेले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. फलाट क्रमांक नऊवर..."

आवाज थांबला. सवय होती आम्हाला त्यांच्या थांबण्याची, पण हे थांबणं वेगळं होतं. भोंग्यांतून श्वास ऐकू येत होता. आखूड, ओढलेला, चौदा फलाटांवर एकाच वेळी. लोक बोलायचे थांबले आणि वर भोंग्यांकडे बघू लागले.

"नऊवर..."

मग एक धप्प आवाज. मी वळून बघितलं. काचेत नुसती खुर्ची होती.

मी आत धावले. ते टेबलाखाली एका कुशीवर पडले होते, मूठ छातीवर, ओठ राखाडी. मायक्रोफोन चालूच होता. मी किंचाळले आणि माझ्या तोंडून जे नाव बाहेर पडलं ते काका नव्हतं. सतरा वर्षं ज्यांना समोरासमोर काका म्हटलं, त्यांना ते मरणाच्या दारात असताना मी थंडोबा म्हणून हाक मारली, आणि ती हाक सगळ्या स्थानकाने ऐकली. त्यांनीही. त्यांचे डोळे उघडे होते.

रुग्णवाहिकेला वीस मिनिटं लागतील असं फोनवर कळलं. फलाट नऊवरची गाडी भरून उभी होती. ड्रायव्हरने आत चढून एवढंच सांगितलं, "निवेदकबुवांना दवाखान्यात न्यायचंय," आणि बसलेली माणसं आपणहून उठली, सामान खिडकीतून एकमेकांच्या हाती देत खाली उतरली. कोणी तिकिटाबद्दल चकार शब्द काढला नाही. मागच्या लांब बाकावर काकांना ठेवलं. मी खाली बसून त्यांचं डोकं धरलं. त्यांच्या मानेतली नाडी माझ्या बोटांखाली पिंजऱ्यात सापडलेल्या पाखरासारखी धडपडत होती. एकसुद्धा ठोका दुसऱ्यासारखा नाही.

दवाखान्यात नाडी एकशे साठच्या वर, ताल सुटलेला, आणि आलेखात हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" वहिनी तोवर पोचल्या होत्या. त्यांनी पर्समधून पाकिटं काढली. डॉक्टरने ती उलटून बघितली, परत बघितली.

"शंभरच्या दोन? हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "मी."

"का पण?"

"मला वाटलं, गेलेली वर्षं लवकर भरून निघतील."

तो पोरगा पाकिटं घेऊन आत पळाला. वहिनी तिथेच, दाराच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात उभ्या राहिल्या. बाजूला व्हा म्हटलं तर म्हणाल्या, "नको. आज मला सही करायचीय. मी इथून हलणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने डॉक्टरबाई आल्या. मी फोन केला होता. वहिनी त्यांना बघून उठल्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा. डॉक्टरबाईंनी आधी आत जाऊन काकांना तपासलं, कागद वाचले, मग बाहेर येऊन वहिनींशेजारी बाकावर बसल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या.

वहिनी दचकल्या.

"या आजारात डोकं मंदावतं. सांगितलेलं राहत नाही. हे मीच पोरांना वर्गात शिकवते. आणि मी काय केलं? त्या माणसाला दहा सूचना तोंडी दिल्या, एकट्याला बसमध्ये बसवून दिलं आणि समजले की सांगून झालं. तुम्हाला बोलवायला हवं होतं. फोन तरी करायला हवा होता. पंचवीसच का, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

"का पंचवीस?" वहिनींनी विचारलं. तो प्रश्न त्यांच्या घशात कधीपासून अडकला असणार.

"इतकी वर्षं रक्तात चरबी साठली, त्याने हृदयाच्या नळ्या आतून अरुंद झाल्या. पण हृदयच हळू चालत होतं, त्याला रक्त थोडं लागायचं, म्हणून भागत होतं. अशा हृदयाला एकदम पळवलं की त्याला रक्त पुरत नाही. म्हणून त्याला चालवायचं, बोट धरून." मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही बोट धरलंत. फक्त ओढलंत."

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून शाळेचं लाल शाईचं पेन काढलं आणि पाकिटाच्या मागे तारीख लिहून म्हणाल्या, "सांगा. सगळं पहिल्यापासून सांगा."

काका वाचले. अरुंद नळीत जाळी बसवली, ताल औषधांनी ताळ्यावर आला. थायरॉइडची गोळी काही दिवस बंद ठेवून परत सुरू झाली, पंचवीसच्याही अर्ध्यापासून. वहिनी पाकिटाला हात लावेनात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हीच द्यायची. पण आधी मला म्हणून दाखवा." आणि वर्गातल्या मुलीसारखं वहिनींनी म्हणून दाखवलं. "साडेबारा, म्हणजे पंचवीसची अर्धी गोळी. उठल्या उठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा आणि बाकीच्या गोळ्या त्यानंतर, तासाभराने. सहा आठवड्यांनी रक्त. छातीत दुखलं, धडधडलं, तर वाट बघायची नाही, फोन करायचा. मात्रा मी ठरवायची नाही."

"आणि या बाईही ठरवणार नाहीत," काका पलंगावरून म्हणाले. डॉक्टरबाईंकडे बोट दाखवून. "रक्त ठरवणार."

त्यांनी आपणहून बोललेलं पूर्ण वाक्य वहिनींनी कित्येक वर्षांनी ऐकलं होतं.

चौथ्या महिन्यात ते कामावर परत आले. सुजेच्या आतून एक चेहरा हळूहळू वर येत होता, गालाची हाडं, डोळ्यांखालची रेघ. आवाजातला जाडेपणा पातळ होत चालला होता. मी आठ दिवस धीर गोळा केला आणि एका दुपारी त्यांच्या खोलीत गेले.

"काका, ते नाव. मी ठेवलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"काच पातळ आहे," ते म्हणाले. "ऐकायला कमी यायचं, पण तुमचा आवाज मोठा आहे."

"मग कधी बोलला का नाहीत? एक शब्द तरी?"

"बोलायचो की. उत्तर तयार व्हायचं. तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. तोवर तुम्ही डबा खायला गेलेल्या असायचात."

"काय उत्तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांची नजर पटकन येत असे, मला त्याची सवय नव्हती. "आता नको," ते म्हणाले. "आता मी चांगलं बोलतो. तुम्हाला लागेल."

आणि तक्त्याकडे वळून त्यांनी पुढची गाडी जाहीर केली. मी बाहेर येऊन खिडकीत बसले. समोरच्या माणसाने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं, त्याला कुठलं तिकीट हवंय.

आठव्या महिन्यात रक्ताचा आकडा पहिल्यांदा दहाच्या खाली आला. त्याच आठवड्यात रविवारी सकाळी वहिनींचा फोन. आवाज घाबराघुबरा. "ताई, लगेच या. काहीतरी झालंय."

मी पोचले तर काका कपाटापुढे जमिनीवर बसले होते. मांडीवर एक जुना चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. ते रडत होते. हुंदके देऊन, लहान मूल रडतं तसे, खांदे हलत होते. वहिनी दारात फोन हातात घेऊन पांढऱ्याफटक.

"खण आवरत होते," त्या कुजबुजल्या. "आईंचा चष्मा सापडला. मला म्हणाले, 'आई गेली.' मी म्हटलं, अहो, चार वर्षं झाली. तेव्हापासून हे असं. चार वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं. सगळे म्हणाले, दगड आहे. मीही म्हणाले. आता हे विसरले का ताई? डोक्यावर परिणाम झाला का? परत गोळीचं काही..."

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. मी बाजूला उभी राहून ऐकत होते.

"छातीत दुखतंय का त्यांच्या?"

"नाही म्हणतात."

"धडधड? घाम? हात थरथरतायत?"

"नाही."

"नाडी मोजा. पूर्ण मिनिट."

वहिनी खाली बसल्या, काकांचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांनी मोजू लागल्या. काकांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "विसरलो नव्हतो. माहीत होतं मला. पण कळलं आज."

"चौऱ्याहत्तर," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या. "एकसारखी आहे."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग रडू द्या त्यांना. आणि आज मला परत फोन करू नका."

वहिनींनी फोन ठेवला, पण मनगट सोडलं नाही. काका बोलू लागले. आई कशी सुईत दोरा ओवताना जीभ दातांत धरायची, कशी कोणाशीही न बोलता दिवसच्या दिवस रागावून बसायची, शेवटच्या दिवशी तिने पाणी मागितलं आणि यांना उठायला किती वेळ लागला. ते शेवटचं सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि वहिनी आणखी जवळ सरकल्या. मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले. खाली पोचले तरी वरून त्यांचा आवाज येत होता, न थांबता.